बेडकीची जोडीदार

१

शनिवारी सकाळी सहा वाजल्यापासून बेडकीने घर डोक्यावर घेतलं होतं. अंगात पोहण्याचा पोशाख, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा आणि पायात लोकरीचे मोजे अशा अवतारात ती गाडीभोवती घिरट्या घालत होती. "निघालो का? आता तरी निघालो का?" एवढंच तिचं बोलणं. वय वर्षं सहा. तिला एक नीटस नावही होतं, पण ते शाळेपुरतं. पाणी दिसलं की उडी, मग ते टबमधलं असो नाहीतर रस्त्यावरच्या खड्ड्यातलं, म्हणून घरात ती बेडकीच.

खरं सांगायचं तर आत्याची अवस्था तिच्याहून फार वेगळी नव्हती. आत्या शहरातल्या स्विमिंग टँकवर पोहायला शिकवायची. बारा वर्षं सकाळ-संध्याकाळ क्लोरीनचा वास, ओल्या फरशा आणि दुसऱ्यांची पोरं. शनिवार-रविवारी तर तिला मान वर करायला फुरसत नसायची. या वेळी तिने पहिल्यांदाच दोन दिवसांची रजा मागितली आणि चक्क मिळाली. शुक्रवारी तिने पिशवी तीनदा भरली आणि तीनदा उपसली.

तिच्या भावाने, दादाने, तंबू आणि सतरंज्या गाडीच्या टपावर बांधल्या. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे दोऱ्या आणि गाठी हा त्याचा प्रांत. तरी वहिनीने प्रत्येक गाठ एकदा ओढून बघितलीच. वहिनी औषधांच्या दुकानात बसायची आणि घरातल्या प्रत्येकाकडे पुढचा पेशंट म्हणून बघायची. प्रथमोपचाराची पेटी तिने मांडीवरच घेतली. उरला बेडकीचा भाऊ. वय अकरा, जाड भिंगांचा चष्मा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत.

"त्या तळ्याची सगळ्यात खोल जागा ऐंशी फूट आहे," गाडी सुरू झाल्या झाल्या प्रोफेसरने जाहीर केलं.

"आपण कमरेपर्यंतच जाणार आहोत," वहिनी म्हणाली.

"कोणाच्या कमरेपर्यंत?" बेडकीने विचारलं, आणि दादाला हसता हसता गिअर सापडेना.

आत्याने गळ्यातली शिट्टी वर धरली. "नियम सांगा."

दोन्ही पोरं एका सुरात ओरडली, "पाण्यात एकट्याने जायचं नाही! प्रत्येकाला जोडीदार! शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा! जोडीदाराला सोडून बाहेर यायचं नाही, दोघांनी मिळूनच यायचं!"

"आणि तिघं असतील तर?"

"तिघांची साखळी!"

हे आत्याचं स्वतःचं शास्त्र होतं. बारा वर्षांत तिच्या हाताखालचं एकही पोर पाण्याखाली गेलं नव्हतं. ही गोष्ट ती येईल त्याला सांगायची, आणि घरचे ती दर वेळी नव्याने ऐकल्यासारखी ऐकायचे.

२

तळं दिसलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकच "आहाहा" निघालं. वाळूचा लांबलचक किनारा, मागे झाडांची रांग, आणि पाणी इतकं निवळ की गुडघाभर खोलीवरचे खडे मोजावेत. आसपास दुसरा तंबू नाही, माणूस नाही. "अख्खं तळं आपलं!" दादा ओरडला आणि चाळिशीच्या घरातला हा गृहस्थ बूट हवेत भिरकावून पाण्याकडे धावत सुटला. तंबू उभा करायला त्याला नंतर तासभर लागला. माहितीपुस्तिका प्रोफेसर वाचत होता, आणि नेमका तोच बरोबर होता, म्हणून दादाचा जास्त जळफळाट झाला.

दुपारी चौघं पाण्यात उतरली. दादाचा जोडीदार प्रोफेसर, वहिनीची बेडकी. आत्या काठावर उन्हात पाय पसरून बसली. नुसतं बसून पाण्याकडे बघणं म्हणजे काय, हे ती विसरूनच गेली होती. पाण्यावर ऊन असं चमकत होतं की डोळे बारीक करावे लागत. तिला आनंदाने गुणगुणावंसं वाटत होतं आणि ती गुणगुणतही होती.

थोड्या वेळाने तिने सवयीने शिट्टी फुंकली. पाण्यातून हात वर आले. दोन जोड्या. तिने मान हलवली. मुलं पुन्हा पाणी उडवायला लागली. दहा मिनिटांनी तिने पुन्हा फुंकली. पुन्हा दोन जोड्या. एक डावीकडे, एक उजवीकडे.

"चहा कडक करू की साधा?"

आवाज पाठीमागून आला. आत्याने वळून पाहिलं. वहिनी तंबूपाशी स्टोव्ह पेटवत बसली होती, केस पुसून झालेले, अंगात कोरडे कपडे.

"तू केव्हा आलीस बाहेर?"

"झाली की पंधरा मिनिटं. तुझ्या दादाला सांगून आले, बेडकीला घे म्हणून. तुझ्या मागूनच तर गेले. तुझं गाणं चालू होतं."

आत्या पुन्हा पाण्याकडे वळली. तीन डोकी. डावीकडे दादा आणि प्रोफेसर एकमेकांना बुडवत होते. उजवीकडे, चांगली पंचवीस पावलं दूर, बेडकी एकटीच काहीतरी बोलत हसत होती.

उन्हाचा खेळ, आत्या स्वतःला म्हणाली. नाहीतर बेडकीने आपलेच दोन हात वर केले असतील. सहा वर्षांचं पोर, तिला काय सुचेल सांगता येतं का! स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं. फक्त आत्याने आयुष्यभर वर आलेले हातच मोजले होते. एका माणसाचे दोन हात आणि दोन माणसांचा एकेक हात यांतला फरक तिला झोपेतही कळला असता. वर आलेल्या त्या दोन हातांतला एक दुसऱ्यापेक्षा लांब होता.

तिने तिसऱ्यांदा शिट्टी फुंकली नाही. "बाहेर या रे! चहा!" एवढंच ओरडली.

३

दादा आणि प्रोफेसर आले. बेडकी येईना. घोटाभर पाण्यात ती उभी, एक हात मागे पाण्याकडे लांबवलेला.

"ती येत नाहीये," ती म्हणाली.

"कोण ती?"

"माझी जोडीदार. तिला माहीतच नाही बाहेर कसं यायचं."

दादाला भारी मजा वाटली. "तिला म्हणावं चहात बुडवायला बिस्किटं आहेत." पण बेडकी हलेना, तेव्हा त्याने सरळ तिला उचलून खांद्यावर टाकली. आणि मग जे रडणं सुरू झालं! बेडकी पडली तरी रडत नसे, इंजेक्शनला रडत नसे. आता हुंदक्यांनी तिला बोलता येईना.

"तिला सोडलं मी! नियम मोडला! ती एकटी राहिली!"

चहा गार झाला तरी रडणं थांबेना. वहिनीने जवळ घेऊन पाहिलं, प्रोफेसरने आपलं बिस्किट देऊ केलं. शेवटी आत्या तिच्यासमोर मांडी घालून बसली. नियम आत्याचा, तेव्हा निस्तरायचंही तिनेच.

"हे बघ, पहिल्याच दिवशी कोणाला जमतं का? टँकवर पोरं आठवडाभर कठडा सोडत नाहीत. तू आज तिला काय काय शिकवलंस?"

बेडकीने नाक पुसलं. "हात कसा धरायचा. अंगठा आत, बोटं घट्ट. आणि शिट्टी वाजली की वर."

"शाब्बास! मग उद्या तू तिला बाहेर यायला शिकव. हळूहळू, एकेक पाऊल. दोघींनी मिळून यायचं."

"नक्की? मग ती आपल्याबरोबर येईल?"

"येईल की," आत्या म्हणाली.

बेडकीचा चेहरा असा फुलला की विचारू नका. ती उड्या मारत तळ्याकडे धावली आणि काठावरूनच तिने पाण्याला ती बातमी ओरडून सांगितली. आत्याला स्वतःचं कौतुक वाटलं. रडणारं पोर हसवणं हा शेवटी तिचा धंदाच होता.

४

रात्र अगदी सरळ गेली. दमलेल्या पोरांना पडल्या पडल्या झोप लागली, दादा घोरला, आणि आत्यालाही कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली.

सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. वहिनी बेडकीचे केस विंचरत होती. मधेच तिचा हात थांबला.

"इकडे बघ गं जरा," तिने आत्याला हाक मारली.

बेडकीच्या उजव्या हाताची बोटं सुरकुतली होती. पाण्यात फार वेळ राहिलं की होतात तशी, पांढरी आणि चुरगळलेली. डावा हात एकदम छान, गुलाबी.

"पाण्याने झालंय," दादा दात घासता घासता म्हणाला.

"काल संध्याकाळपासून कोरडी आहे ती," वहिनी म्हणाली. "ॲलर्जी असेल. मलम लावते." तिने पेटी उघडली. अशा वेळी तिला फार बरं वाटायचं.

आत्या जवळ आली. सुरकुत्या अर्ध्या तासात जातात. तिने हजारो पोरांच्या बोटांवरून त्या जाताना पाहिल्या होत्या. तिने बेडकीचा हात हातात घेतला. सुरकुत्या तळव्यावरून मनगटाकडे चढल्या होत्या, आणि मनगटापाशी त्यांची एक स्पष्ट कड होती. कोणी हाताने हात धरला की जिथपर्यंत बोटं पोचतात, बरोबर तिथपर्यंत.

"दुखतंय का गं?"

"नाही. गुदगुल्या होतात," बेडकी म्हणाली. "आत्या, आज ती येणार! मी तिला माझा टॉवेल देणार आहे. प्रोफेसर म्हणाला, गाडीत मधे बसवू."

"मी गमतीत म्हटलं," प्रोफेसर घाईघाईने म्हणाला.

"आज पाण्यात जायचं नाही," आत्या म्हणाली. आवाज जरा जास्तच करडा लागला. दादाने भुवया उंचावल्या. "हाताला मलम लावलंय ना, म्हणून," तिने सावरून घेतलं. "आणि लवकर निघू या. ट्रॅफिक लागेल."

मनातल्या मनात ती स्वतःवर चिडली. बाई, तू रजेवर आहेस. ॲलर्जी झालेल्या पोरीच्या हातावरून कसल्या गोष्टी रचतेस? तिने स्वतःला चार शब्द सुनावले आणि तंबूच्या खुंट्या उपटायला घेतल्या.

५

तंबू उतरवणं उभारण्यापेक्षा अवघड निघालं. कापड वाऱ्याने फुगलं, प्रोफेसर त्यात गुरफटला, दादा त्याला बाहेर ओढता ओढता स्वतः आत गेला. वहिनी हसून हसून वाळूत बसली. आत्याही हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. ते पुसायला तिने मान वळवली, तेव्हा तिला बेडकी दिसली.

बेडकी पाण्यात कमरेइतकी आत होती आणि काठाकडे येत होती. हळूहळू, एकेक पाऊल. चेहरा आनंदाने नुसता उजळलेला. उजवा हात बाजूला, पाण्याखाली.

"आत्या, बघ! जमतंय तिला! येतेय ती!"

आत्या धावली. धावताना तिला दोन गोष्टी दिसल्या आणि दोन्ही तिने नाकारून पाहिल्या. बेडकीचा उजवा खांदा खाली ओढला गेला होता, जड बादली उचलल्यासारखा. आणि त्या निवळ पाण्यात, दर पावलाला, बेडकीच्या पायांशी गाळ उठत होता, तसाच तिच्या शेजारीही उठत होता. शेजारी पाणी मोकळं होतं. तिथे काहीच नव्हतं. गाळ मात्र उठत होता, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

मासा असेल, आत्याचं डोकं म्हणालं. तिचे पाय थांबले नाहीत.

"हात सोड!" ती पाण्यात शिरत ओरडली.

"असं कसं सोडणार?" बेडकी दुखावून म्हणाली. "जोडीदाराला सोडायचं नसतं. तूच सांगितलंस."

आत्याने तिला दंडाला धरून ओढलं. बेडकी किंचाळली. ओढ दुसऱ्या बाजूनेही लागली होती, आणि ती आडदांड ओढ नव्हती. कुणी नुसतं न सोडण्याचं ठरवलं असावं, तशी होती. पोरीचा खांदा निखळला असता. आत्याने दंड सोडला. बेडकीच्या सुरकुत्या आता कोपरापर्यंत आल्या होत्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या वर सरकत होत्या.

मग तिने तेच केलं, जे टँकवर दोन पोरं एकमेकांना बिलगून बसली की ती करायची.

"जोडी बदल!" ती खणखणीत आवाजात म्हणाली आणि आपला उजवा हात पाण्यात घातला.

६

नियम म्हणजे नियम. बेडकीने मूठ उघडली. आणि आत्याच्या हातात एक हात आला.

तो गार नव्हता, ऊबदार नव्हता. पाणी जेवढं होतं तेवढाच होता, त्यामुळे क्षणभर हातात काहीच नाही असं वाटावं. मग बोटं मिटली. अंगठा आत, बोटं घट्ट. बेडकीने छान शिकवलं होतं.

"पळ," आत्या म्हणाली. "आईकडे जा."

"पण मला तिला बाहेर..."

"मी आणते ना. तू टॉवेल काढ. पळ!"

बेडकी पाणी उडवत, ओरडत पळाली. "आई! आत्या तिला आणतेय! टॉवेल कुठाय माझा?" ती वाळूत पोचली, तेव्हा आत्याला हायसं वाटलं. पोर बाहेर होतं. एकही पोर गेलं नव्हतं, आजही नाही.

आता फक्त मूठ उघडायची होती. तिने उघडली. हात सुटला नाही.

उलट त्याने तिला ओढलं, आणि तेव्हा कुठे आत्या खरी घाबरली. कारण ओढ खोल पाण्याकडे नव्हती, काठाकडे होती. ते जे काही होतं, त्याला बाहेर यायची घाई झाली होती. हातातली बोटं आनंदाने चुळबुळत होती. आत्याच्या ओळखीची चुळबुळ होती ती, सहलीला निघालेल्या पोरांच्या हातांना असते तशी. कालपर्यंत त्याला बाहेर कसं यायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. कोणी असा नियमच केला नव्हता. दोघांनी मिळून यायचं. येईल की.

दोन पावलं ती वाकूनच त्याच्याबरोबर चालली. पाणी गुडघ्याखाली आलं. तिने खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. पाण्याच्या पृष्ठभागाखाली, जिथे तिची मूठ होती तिथे, उन्हाचा कवडसा हलला आणि निमिषभर तिला बोटं दिसली. सुरकुतलेली. इतकी सुरकुतलेली, की एवढ्या सुरकुत्यांना किती वेळ लागतो याचा अंदाज तिला करता आला नाही. तिच्या टँकवर एवढा वेळ कोणी पाण्यात राहिलं नव्हतं.

समोर वाळूत बेडकीने टॉवेल नीट पसरला. वहिनी वाकून तिच्या हाताला पुन्हा मलम लावत होती. प्रोफेसर उत्सुकतेने पाण्याकडे टक लावून बघत होता. चारही जण ओळीने, हात लांब केला की लागतील इतके जवळ.

आत्या थांबली. मग ती वळली आणि पुन्हा आत चालायला लागली.

७

हात आधी गोंधळला. मग निमूट तिच्याबरोबर आला. जोडीदार जिकडे जाईल तिकडे.

"अगं, किती पोहशील?" दादा काठावरून ओरडला. "कपड्यांसकट?"

"बारा वर्षांचं राहिलंय!" तिने ओरडून उत्तर दिलं. आवाज हसरा लागला, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "तुम्ही गाडी भरा. पोरांना आत बसवा आधी. काचा लावून घ्या, वारा आहे!"

"शेवटी एकदाची सुट्टी लागली हिला," दादा वहिनीला म्हणाला. पाण्यावरून आवाज स्वच्छ आला. तो मनापासून खूश होता. त्याने बेडकीला कडेवर घेतलं. बेडकी हात हलवून ओरडत होती, टॉवेल तिथेच ठेवते, तुम्ही दोघी या. तिचा उजवा हात मलमाने चकाकत होता. इतक्या लांबूनही आत्याला दिसलं की तो गुलाबी व्हायला लागला आहे.

पाणी छातीला लागलं. उजव्या कोपरापर्यंतची कातडी ओढल्यासारखी होत होती, दुखत नव्हतं. खरंच गुदगुल्या होत होत्या. आत्याला भीती वाटत होती, भरपूर वाटत होती. पण डोकं चालू होतं. गाडीची दारं लागू देत. गाडी रस्त्याला लागू दे. मग खोल पाण्यात बुडी मारून हात पिरगाळायचा. पाण्यात घट्ट पकड सोडवायचे चार प्रकार असतात, आणि ते शिकवायचा पगार ती घेत होती. तळ्यात काय आहे ते तिला माहीत नव्हतं, पण जे आहे ते एक आहे आणि तिच्या हातात आहे.

पहिलं दार लागलं. दुसरं लागलं. दादाने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, आम्ही थांबतो, तू ये सावकाश.

आत्याने आपला मोकळा, डावा हात उंच करून हलवला, जा, जा, अशा अर्थाने. दमला तेव्हा खाली पाण्यात सोडला.

त्या हातातही कोणीतरी हात दिला. हा मोठ्या माणसाचा होता. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आत्याने तो धरला.